शोकनायिका आणि इतिहासातील स्त्री : अजिंठा-फर्दापूर परिसरातील पारोच्या कथेचा विचार

प्रस्तावना

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात फर्दापूर हे गाव आहे. बुऱ्हाणपूरकडून औरंगाबादकडे जाणारा जुना मार्ग येथूनच घाट चढतो; मोगलकालीन सराई त्या वाहतुकीची साक्ष देते. घाटाच्या माथ्यावर तटबंदीचे अजिंठा गाव आणि मधल्या दरीत वाघूर नदीच्या वळणावर जगप्रसिद्ध लेणी. या परिसराचा इतिहास आजवर प्रामुख्याने कलेच्या अंगाने लिहिला गेला आहे. लेणी कोणी खोदली, कोणत्या राजवटीत रंगवली, कोणी ‘शोधली’, कोणी त्यांच्या प्रतिकृती केल्या, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत सापडतात. परंतु याच परिसरात एका स्त्रीची कथा गेली दीडशेहून अधिक वर्षे सांगितली जात आहे आणि तिच्याकडे इतिहासाने एक भावुक तळटीप यापलीकडे फारसे पाहिलेले नाही. ही कथा पारोची.

मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची प्रेयसी म्हणून पारो सर्वांना परिचित आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर आधारित चित्रपट दिग्दर्शित केला. त्यानंतर पारो महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. मात्र जी पारो घराघरांत पोहोचली ती शोकनायिका आहे. इतिहासातील पारो आणि ही शोकनायिका यांच्यात अंतर किती, ते कशामुळे पडले आणि या अंतरातून स्त्रीविषयक सामाजिक अपेक्षांबद्दल काय समजते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दगडावरील नाव

१८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने दरीत आला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. त्याला वाट दाखवणारा स्थानिक माणूस होता असे सांगितले जाते; त्या माणसाचे नाव कोठेही नाही. वसाहतकालीन ‘शोधा’ची रीत येथेच लक्षात येते. पाहणाऱ्याचे नाव राहते, दाखवणाऱ्याचे जाते.

पुढे जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांविषयी लिहिले, रॉयल एशियाटिक सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल (जन्म १८०४) याची भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नियुक्ती झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहिला, वर्षानुवर्षे लेण्यांत काम करीत राहिला, पुढे त्याने छायाचित्रणही केले. त्याने रंगवलेली तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली आणि १८६६ च्या डिसेंबरमधील आगीत त्यांतील बहुतांश जळून गेली. गिलचे निधन १८७९ मध्ये झाले व त्याची कबर भुसावळ येथे आहे.

या चरित्रात पारो कोठे येते? ती येते अजिंठा गावातील एका कबरीवर. कबरीच्या दगडावर इंग्रजीत तिचे नाव आहे, ती आपल्याला प्रिय होती असे गिलने म्हटले आहे आणि तिच्या मृत्यूची तारीख आहे : २३ मे १८५६. पारोविषयी हाती असलेला ठोस समकालीन पुरावा म्हणजे ही कबर. ती लेणापूरची होती, आदिवासी होती, तिने गिलला रंगांसाठी वनस्पती व माती दाखवली, गावाचा तिच्यावर रोष झाला, हा सर्व भाग लोकपरंपरेचा आहे. तो खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तो कबरीइतक्या वजनाचा पुरावाही नाही.

या त्रोटक मजकुराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट भाषेची. मजकूर इंग्रजीत आहे, म्हणजे पारोच्या आप्तांपैकी कोणालाही तो वाचता येण्यासारखा नव्हता. आठवण कोरली गेली ती तिच्या गावात, पण तिच्या गावासाठी नव्हे. त्यामुळे दगडावरची पारो आणि गावाच्या तोंडची पारो या दोन आठवणी सुरुवातीपासूनच वेगळ्या वाटांनी चालल्या. दुसरी गोष्ट प्रथमपुरुषाची. ‘माझी’ म्हणणारा तेथे गिल आहे. पारोच्या जीवनातील एकमेव लिखित वाक्यातही बोलणारे कोणी दुसरेच आहे. आणि तिसरी गोष्ट, जी बहुधा सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे तिचे नाव तेथे आहे हीच.

नावाचे महत्त्व समजण्यासाठी कंपनीकालीन व्यवहाराची पार्श्वभूमी आवश्यक आहे. अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीच्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरात हिंदुस्थानी स्त्रिया राहत. त्यांना ‘बीबी’ म्हटले जाई. दुर्बा घोष यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा कुटुंबांची मृत्युपत्रे व न्यायालयीन कागदपत्रे तपासली आहेत. त्यांच्या अभ्यासातून पुढे येणारी लक्षणीय बाब म्हणजे या स्त्रियांची अनामिकता. कागदपत्रांत त्या वारंवार नावाशिवाय किंवा अर्धवट नावाने येतात. मालमत्तेचा वाटा मिळाला तरी ओळख मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर असे संबंध गोऱ्या समाजात उघडपणे मिरवण्याजोगे राहिले नव्हते. गिल विवाहित होता. १८४१ मध्ये त्याचे लग्न झाले होते. अशा काळात आणि अशा स्थितीत एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याने आपल्या विवाहबाह्य, हिंदुस्थानी सहचारिणीचे नाव दगडावर कोरून उघड्यावर ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे. पारो अपेक्षेप्रमाणे विस्मरणात गेली नाही, ती या दगडामुळे.

याच निजामशाहीत अर्धशतक आधी हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांचे प्रकरण गाजले होते. खैरुन्निसा उमराव घराण्यातील. म्हणून तिच्या बाबतीत चौकशा झाल्या, पत्रव्यवहार झाला, कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत बोभाटा झाला आणि आज विल्यम डॅलरिंपल यांच्यासारख्या लेखकाला त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिता येतो. कर्कपॅट्रिक १८०५ मध्ये वारला, खैरुन्निसा १८१३ मध्ये. तीही शोकनायिकाच, पण तिच्या शोकाला दप्तर आहे. पारोच्या वाट्याला एक दगड आला. दोन स्त्रियांच्या ऐतिहासिक अस्तित्वातील हा फरक प्रेमाच्या उत्कटतेचा नसून वर्गाचा आहे, हे विसरता येत नाही.

१८५६ हे वर्ष

पारोच्या मृत्यूचे वर्ष महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाच्या इतिहासात अनेक अर्थांनी सूचक आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. पारो मे महिन्यात मरण पावली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कंपनीच्या मुलखासाठी विधवाविवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले आणि हिंदू विधवेचे दुःख मराठी गद्यकथेचा विषय झाले. मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान ज्या पुस्तकाला दिला जातो ते स्त्रीच्या शोकाविषयी असावे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

परंतु या घडामोडींचा पारोच्या जगाशी संबंध किती? विधवाविवाहाचा कायदा निजामाच्या मुलखाला लागू नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या स्त्रीसाठी तो कायदा करावा लागला ती उच्चवर्णीय घरातील स्त्री होती. भिल्ल, कोळी आणि या डोंगरपट्ट्यातील अनेक कष्टकरी जातिजमातींत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. पाट लावण्याची रीत सर्वश्रुत होती, लग्नात वराकडून देज दिले जाई, नवरा सोडलेल्या स्त्रीला दुसरा संसार मांडता येत असे. या स्त्रिया सुखी होत्या असा याचा अर्थ नाही. दारिद्र्य, जंगलावरील हक्कांचा संकोच, कंपनी सरकारने १८२५ पासून उभारलेल्या भिल्ल पलटणीसारख्या उपायांनी डोंगरातील जीवनाला घातलेला वेढा, हे सारे होतेच. पण पातिव्रत्याचा जो आदर्श पांढरपेशा महाराष्ट्राने ‘भारतीय स्त्री’ या नावाखाली सर्वांना लागू केला, तो या स्त्रियांच्या जीवनाचे मोजमाप नव्हता.

पारोच्या कथेत नेमके येथेच एक स्थित्यंतर घडलेले दिसते. ती ज्या रूपात सांगितली जाते त्यात गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवल्याने ‘इज्जत’ गेली, म्हणून गाव उठले, असा भाग असतो. परधर्मीय, परकीय आणि सत्ताधारी पुरुषाशी जडलेल्या नात्याला विरोध झाला असणे अगदी संभवनीय आहे. मात्र त्या विरोधाची भाषा कुलीनतेची होती की जमातीच्या स्वायत्ततेची, हा प्रश्न विचारला जात नाही. कथा सांगणारा वर्ग बदलला की कथेतील नायिकेवर त्या वर्गाच्या अपेक्षा चढत जातात. तिच्या मृत्यूची कारणेही एकाहून अधिक सांगितली जातात. आजार सांगणारे आहेत, तसेच तिने जीव दिला असे सांगणारेही आहेत. श्रोत्याला दुसरे कारण अधिक ‘शोभते’ असे वाटते, ही बाब श्रोत्याबद्दल अधिक सांगते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. बुलढाणा अजिंठ्याच्याच डोंगररांगेच्या पूर्व अंगाला आहे. सुरतेतील विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, त्याला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर. ज्या दोषांसाठी स्त्रीला जाळले जाते ते दोष पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा मूळ सवाल. पारोच्या कथेला तो लावून पाहावा. गिल विवाहित असूनही कथेत त्याचे वर्तन दोष ठरत नाही, ती कलावंताची उत्कटता ठरते. त्याचे नंतरचे आयुष्य शोकांतिका नसून साधना ठरते. किंमत मोजते ती पारो. ताराबाईंचे पुस्तक स्वतःच जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. या डोंगररांगेने दिलेल्या दोन स्त्रियांपैकी जिने प्रेम केले तिची आठवण गावाने ठेवली आणि जिने प्रश्न विचारले तिची ठेवली नाही.

सोळाव्या लेण्यातील सुंदरी

पारोच्या फार पूर्वीपासून या दरीत एक शोकनायिका आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदवलेल्या सोळाव्या लेण्यात ती भिंतीवर रंगवलेली आहे. मंचकावर कलंडलेली, मान टाकलेली, डोळे मिटत आलेले. सख्या तिला सावरताहेत, चेहऱ्यांवर भीती आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रकार जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुढे प्रतिकृती केल्या, तेव्हा या चित्राची त्याने मुक्तकंठाने प्रशंसा केली. ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

पुढील अभ्यासकांनी प्रसंग ओळखला. ही राजकन्या मरत नाही. ती गौतम बुद्धांचा सावत्र बंधू नंद याची पत्नी सुंदरी. नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला आणि तो मुकुट पाहून ती कोसळली. अश्वघोषाच्या ‘सौन्दरनन्द’ महाकाव्यात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. सुंदरी मुखावर विशेषक रेखाटत असते, नंद आरसा धरून उभा असतो. बुद्ध भिक्षेविना परतल्याचे कळताच तो त्यांच्या मागे निघतो आणि विशेषक ओला आहे तोवर परत ये, असे ती बजावते. नंद परत येत नाही.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर विप्रलंभ आणि करुण यांतील सीमारेषेवर हे चित्र उभे आहे. भरताने विप्रलंभ सापेक्ष मानला, करुण निरपेक्ष मानला. एकात भेटीची आशा शिल्लक असते, दुसऱ्यात नसते. मुकुट दिसेपर्यंत सुंदरी वाट पाहणारी पत्नी होती. मुकुट दिसला आणि आशा संपली. मुकुटाच्या जागी पुढे काय येणार हे समाजाने तिच्यासाठी ठरवलेले नाही, कारण ती विधवा नाही, परित्यक्ता म्हणावे तर पतीचा दोष नाही, आणि पतीने निवडलेला मार्ग तर सर्वांत श्रेष्ठ मानलेला आहे. तिला तक्रार करण्याची जागाच उरत नाही.

असे असताना भिक्षूंच्याच विहारात हे दुःख इतक्या सहानुभूतीने का रंगवले गेले असावे? नंदाच्या दीक्षेची महती सांगण्यासाठी सुंदरीची मूर्च्छा आवश्यक होती असे नव्हे. चित्रकाराने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, मुक्तीची किंमत कोणाच्या अंगावर पडते हे भिंतीवर नोंदवून ठेवले. रोज त्या मंडपात बसणाऱ्या भिक्षूंपैकी अनेकांच्या मागे घरी अशी कोणी असणार. अश्वघोषानेही काव्याच्या अखेरीस सुंदरीला विसरून चालू दिलेले नाही. नंदाचा निश्चय ऐकून तीही घरातील स्त्रियांना वैराग्याचे बोल सांगेल, असे बुद्धांच्या तोंडी भाकीत येते. म्हणजे रडणारी पत्नी अखेर बोलणारी स्त्री होते. लोकप्रिय नावाने मात्र तिला मरणाच्या दारात कायमची थांबवून ठेवले. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रसिकतेला स्त्री मरताना अधिक सुंदर वाटत असे, आणि मराठी रंगभूमीलाही त्याचे वावडे नव्हते. १९१९ च्या ‘एकच प्याला’मधील सिंधू हे त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण. सिंधू पत्नीधर्माच्या सर्व अपेक्षा पुऱ्या करून मरते. पारोला तर पत्नीपदच नाही, तरीही कथेत तिने सिंधूसारखेच मरावे अशी अपेक्षा असते.

फर्दापूरचा मुक्काम आणि शापाची कथा

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक स्त्री या परिसरात आली. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. चेन्नीनो चेन्नीनीच्या चित्रकलाविषयक जुन्या इटालियन ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या सक्रिय होत्या. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत त्यांनी स्वखर्चाने अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. फर्दापूरला त्यांचा तळ होता. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा हे तरुण कलावंत आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन त्यांच्यासोबत होते. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या मुक्कामाचे महत्त्व मोठे आहे.

इंग्लंडला परतल्यावर १९११ मध्ये हेरिंगहॅम यांना मानसिक आजाराने ग्रासले. आपला कोणी पाठलाग करीत आहे असे त्यांना वाटू लागले. उर्वरित आयुष्य त्यांनी रुग्णालयांत काढले. त्यांच्या चित्रांचा संग्रह १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केला आणि १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ‘अजिंठ्याचा शाप’ या कथेत त्यांचाही समावेश झाला. गिलची चित्रे १८६६ मध्ये जळाली, ग्रिफिथ्सच्या चमूने केलेल्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या, पारो मेली, हेरिंगहॅम वेड्या झाल्या. ज्याने ज्याने लेण्यांना हात लावला त्याला शासन झाले, अशी ही मांडणी. पर्यटकांना ती रोचक वाटते. परंतु तिच्यातील एक असमतोल सहज नजरेत भरत नाही. पुरुषांच्या बाबतीत शाप त्यांच्या चित्रांना लागतो. गिल त्यानंतरही तेरा वर्षे जगला आणि ग्रिफिथ्सचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दिमाखात प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र शाप त्यांच्या देहाला आणि मनाला लागतो. मर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रीला काही तरी शासन झालेच पाहिजे, ही जुनी अपेक्षा येथे दैवी न्यायाचा वेश घेऊन येते. एकीने जमातीबाहेरील पुरुषाशी नाते जोडले, दुसरीने साठीच्या उंबरठ्यावर घर सोडून परमुलखातील गुहांत चित्रे काढली. दोघींच्या परिस्थितीत साम्य नाही, सत्तेच्या उतरंडीत तर त्या दोन टोकांना होत्या. कथेने दोघींना एकाच रकान्यात बसवले.

कवितेतील पारो

महानोर यांचे गाव पळसखेडे हे सोयगाव तालुक्यातीलच. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. या डोंगराचा, पिकांचा आणि बोलीचा कवी म्हणून त्यांनी पारोला शहरी कल्पनेतील ‘वनकन्या’ होऊ न देण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येते. इंग्रजीत कोरलेली आणि गावाला न वाचता आलेली आठवण त्यांच्या दीर्घकाव्यामुळे प्रथमच या मातीच्या भाषेत आली. हे ऋण मान्य करावेच लागेल. मात्र कवितेचा अधिकार आणि इतिहासाचा पुरावा यांची गल्लत पुढील काळात सर्रास झाली. महाविद्यालयीन प्रकल्पांत, वृत्तपत्रीय लेखांत, मार्गदर्शकांच्या निवेदनांत काव्यातील व चित्रपटातील प्रसंग ऐतिहासिक घटना म्हणून सांगितले जातात. हा दोष कवीचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे.

पारोच्या बाबतीत इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढील काम दुहेरी आहे. कथेतील अलंकार उतरवले तर हाती फक्त नाव आणि तारीख उरते. ते उतरवले नाहीत तर पारो दुसऱ्यांच्या अपेक्षांचे प्रतिबिंब होऊन राहते. मार्ग बहुधा असा आहे की पारोऐवजी पारोभोवतीचे जग शोधावे. बारादरीत पाणी कोण भरत होते, लेण्यांत मशाली कोण धरत होते, मोजमापासाठी दोर कोण ओढत होते, रंग कोण खलत होते. वटवाघळांनी भरलेल्या, पडझड झालेल्या गुहांत एक गोरा माणूस जवळपास दोन दशके काम करतो, तेव्हा त्यामागे लेणापूर, अजिंठा आणि फर्दापूर येथील स्त्री-पुरुषांचे श्रम उभे असतात. पारो त्या श्रमिकांपैकी एक असेल तर ती कलावंताची प्रेरणा नव्हती, त्या कामातील सहभागी होती. कबरीवरील शब्दाने तिला प्रिया म्हटले आहे. सहकारी म्हणण्याची रीत त्या काळात नव्हती.

गिलच्या छायाचित्रांचे दोन संग्रह १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झाले. लेण्यांचे स्तंभ, चैत्यगवाक्षे, शिल्पपट असे सारे त्यांत आहे. प्रमाण कळावे म्हणून खांबाशेजारी एखादा माणूस उभा करण्याची तेव्हाच्या छायाचित्रकारांची पद्धत होती. अशा माणसांचा चेहरा सहसा स्पष्ट दिसत नाही आणि चित्राखालील ओळीत त्यांचे नाव नसते. या परिसराच्या सामाजिक इतिहासाचा आरंभ त्या माणसांपासून करता येईल.